‘आवडते’ आणि ‘निवडतो’

सास्तूरच्या नव्या वस्तीत घरे मिळून फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. पुनर्वसनाची पाहणी करायला एक पथक आले होते. त्यातल्या दोघांना मराठी येत नव्हते. मी नुकताच इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो, म्हणून दुभाष्याचे काम माझ्याकडे आले. सुरुवात आमच्याच ओळीपासून झाली. माझी चुलती दारात बसली होती. पाहुण्यांनी इंग्रजीत विचारले, हिला घर आवडले का? मी म्हणालो, ‘काकू, घर आवडलं का म्हणून इचारलालेत.’ काकूने मागे हात नेऊन भिंत थापटली. ‘घर चांगलं हाय की. भित मजबूत हाय. आता रातीचं भ्या वाटत न्हाई.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पन करमंना बग मला हितं.’

मी पाहुण्यांना सांगितले, तिला घर आवडते. त्यांनी कागदावर खूण केली आणि आम्ही पुढच्या दाराशी गेलो. ‘करमंना’चे इंग्रजी त्या क्षणी मला सुचले नव्हते. सुचले नाही म्हणून मी ते वाक्य गाळले.

त्यानंतर मी जवळपास तीस वर्षे इंग्रजी शिकवले. ‘लाइक’ हे क्रियापद पोरांना शिकवायला सर्वांत सोपे, असे मी मानत होतो. निवृत्तीनंतर जुन्या टिपणवह्या चाळताना ते गाळलेले वाक्य परत समोर आले, आणि तेव्हा प्रथम लक्षात आले की काकूने ‘आवडले’ हा शब्द उच्चारलाच नव्हता. तो मी तिच्या तोंडी घातला होता. हा लेख त्या चुकीची तपासणी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठीत एखादी गोष्ट आवडणे आणि ती निवडणे या दोन निराळ्या घटना आहेत आणि त्यांचे व्याकरणही निराळे आहे. इंग्रजीच्या सवयीने आपण हे अंतर बुजवत चाललो आहोत. ते बुजले की माणसाला काही न विचारताच त्याची पसंती नोंदवता येते.

*

आधी दोन वाक्ये शेजारी ठेवू. ‘मी घर निवडतो.’ ‘मला घर आवडते.’ पहिल्यात क्रियापद माझ्याबरोबर चालते. मी बाई असेन तर ‘निवडते’ होईल. दुसऱ्यात ते घराबरोबर चालते. घराच्या जागी वाडा आला की ‘आवडतो’, झोपडी आली की ‘आवडते’, वाडे आले की ‘आवडतात’. मी पुरुष की बाई, एकटा की चौघांतला, याच्याशी त्या क्रियापदाला कर्तव्य नाही. शाळेच्या व्याकरणात म्हणूनच विचारले जाते, ‘आवडणारे काय?’ उत्तर येते, ‘घर’. मग घर हा कर्ता, आणि ज्याला ते आवडते तो माणूस ‘ला’ लावून बाजूला उभा.

हा ‘ला’ कोणता, हे पाणिनीने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात, चौथ्या पादातले ३३वे सूत्र याच प्रकारच्या क्रियापदांसाठी आहे. त्याचा आशय असा, की रुचणे या अर्थाच्या धातूंबरोबर ज्याला गोडी वाटते त्याला संप्रदान म्हणावे. परंपरेने दिलेले उदाहरण देवदत्ताचे आणि मोदकाचे आहे : देवदत्ताला मोदक रुचतो. संप्रदान म्हणजे ज्याला काही दिले जाते तो. देवदत्ताला मोदक दिला तरी तो संप्रदान, आणि त्याला मोदक आवडला तरी संप्रदानच. म्हणजे या व्याकरणाच्या दृष्टीने आवड ही माणसाकडे येऊन पोचणारी गोष्ट आहे. तो घेणारा आहे, करणारा नाही.

मराठीत या ‘ला’चे कुटुंब मोठे आहे. मला भूक लागते, थंडी वाजते, भीती वाटते, आठवण येते, रडू येते. मला हवे असते, नको असते. मला मिळते. मला पटते, मानवते, भावते. मला करमते. यांतली एकही गोष्ट मी ठरवून करत नाही.

ही केवळ मराठीची खासियत नाही. आमचा लोहारा-उमरग्याचा पट्टा कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. इथल्या बाजारात कानडी कानावर पडते आणि तिथेही ‘ननगे’ म्हणजे ‘मला’ असेच येते. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यकारभाराच्या उर्दूतही ‘मुझे पसंद है’. मराठी आणि उर्दू एका कुळातल्या, कानडी दुसऱ्या, तरी तिघींनी माणसाला एकाच जागी बसवले आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे अशी मांडणी केली. कुळे निराळी असली तरी शेजाराने भाषा एकमेकींसारख्या होतात, हे तिचे सार. अनुभवणाऱ्याला लागणारा हा ‘ला’ पुढच्या अभ्यासकांनी त्या सारखेपणाचा एक ठळक पुरावा मानला.

इंग्रजीचे काय? मला मोठे नवल वाटले ते इथे. जुनी इंग्रजीही असेच म्हणत असे. आजच्या ‘लाइक’चा पूर्वज ‘लीकिआन’ हे क्रियापद ‘रुचणे’ या अर्थाचे होते. वस्तू रुचायची आणि माणूस ‘ला’च्या विभक्तीत असायचा. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १८९४च्या आपल्या ग्रंथात हा बदल समजावून सांगण्यासाठी एक वाक्य बनवले, आणि ते पुढे पाठ्यपुस्तकांत कायमचे राहिले. मराठीत त्याचा साचा असा : राजाला नासपत्या आवडल्या. जुन्या इंग्रजीत राजाला विभक्तीचा प्रत्यय होता आणि क्रियापद नासपत्यांप्रमाणे अनेकवचनी होते. काळाच्या ओघात प्रत्यय झिजले. राजा वाक्यात पहिला, पण त्याच्या अंगावर ‘ला’ उरला नाही. पहिला येतो तो कर्ता, अशी सवय तोवर भाषेला लागली होती. लोकांनी राजालाच कर्ता मानले. नासपत्या आवडायच्या, त्या जागी राजा नासपत्या ‘आवडू’ लागला. शेक्सपिअरच्या नाटकांत जुनी रचना अजून अधूनमधून भेटते, आणि ‘मीथिंक्स’ हा त्याचा शब्द तर सरळ ‘मला वाटते’चा सख्खा भाऊ आहे. पुढे तोही मागे पडला.

म्हणजे इंग्रजी माणसाने आवडीवर मालकी मिळवली ती कोणत्या तत्त्वज्ञानाने नव्हे. प्रत्यय झिजल्यामुळे त्याच्याकडे ती आपोआप आली. मराठीचा ‘ला’ झिजला नाही, म्हणून आपण अजून जुन्या जागी आहोत. यात कोणी पुढारलेले आणि कोणी मागासलेले नाही.

*

मात्र ‘ला’वाला माणूस अगदीच दुबळा आहे असेही नाही. ‘काकूला आपले घर आवडते’ या वाक्यात ‘आपले’ म्हणजे कोणाचे? काकूचे. आता ‘काकूला सुनेने आपले घर दाखवले’ हे वाक्य घ्या. इथे ‘आपले’ सुनेचे. ‘आपला’ हा शब्द वाक्यातल्या मुख्य माणसाला शोधत जातो. दुसऱ्या वाक्यात काकूला ‘ला’ असूनही तो तिला ओलांडून सुनेकडे गेला. पहिल्यात मात्र तिच्यापाशीच थांबला. तसेच ‘नवे घर पाहून काकूला रडू आले’ : रडू हा कर्ता मानला तरी पाहणारी काकूच आहे, रडू काही घर पाहत नाही. क्रियापद घराच्या किंवा रडण्याच्या मागे जाते, पण वाक्याचे मन काकूत असते. राजेश्वरी पंढरीपांडे यांचे १९९७चे मराठीचे व्याकरण आणि त्या पिढीतल्या इतर अभ्यासकांची कामे या अर्ध्या कर्तेपणाकडे बारकाईने पाहतात. शालेय व्याकरणाने मात्र घराला कर्ता ठरवून काकूची रजा केली आहे.

तिला काय करता येत नाही, हेही तपासता येते. ‘निवड!’ अशी आज्ञा देता येते; ‘घर आवड!’ अशी देता येत नाही. ‘तिने मुद्दाम हे घर निवडले’ म्हणता येते. ‘तिला मुद्दाम हे घर आवडले’ म्हटले तर ऐकणारा हसेल. ‘निवडायला विसरले’ चालते, ‘आवडायला विसरले’ चालत नाही. निवडीला हेतू असतो, वेळ असते, जबाबदारी असते. ती चुकू शकते आणि चुकली तर निवडणाऱ्याला जाब विचारता येतो. आवडीला जाब विचारता येत नाही.

निवडणे हा शब्द आपल्याकडे सुपातून आला असे मला नेहमी वाटते. व्युत्पत्ती म्हणून नाही, सवय म्हणून. आमच्याकडे बायका सूप घेऊन ज्वारी निवडायला बसत. खडा बाजूला, दाणा बाजूला. सुपात दोन प्रकारचे काही असल्याशिवाय निवडता येत नाही. इंग्रजी ‘प्रिफर’चेही तसेच आहे : लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘पुढे धरणे’, आणि एक पुढे धरायचे तर दुसरे मागे ठेवायला हवेच. ‘लाइक’ला अशी अट नाही. समोर एकच वस्तू असली तरी ती आवडू शकते. त्यामुळे एकाच वस्तूकडे बोट दाखवून ‘आवडले का?’ विचारायचे आणि उत्तर ‘पसंती’च्या रकान्यात लिहायचे, ही शब्दांची अदलाबदल आहे.

‘पसंत’ हा फारसी शब्द मराठीने दोन्ही घरांत नांदवला. ‘पसंत पडणे’ ‘ला’च्या बाजूला, ‘पसंत करणे’ ‘नी’च्या बाजूला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात हा फरक लख्ख दिसे. मुलाला मुलगी पसंत पडली आणि वडिलधाऱ्यांनी ती पसंत केली. पडणे एकाचे, करणे दुसऱ्यांचे. मुलीच्या नावाला त्या दोन्ही वाक्यांत ना ‘ला’ होता ना ‘ने’. तिला मुलगा पसंत आहे का, हे विचारले जायचेच नाही असे नाही, पण बहुधा सुपारी फुटण्याच्या बेताला. त्या वेळी ‘हो’ म्हणण्यापलीकडे तिच्या सुपात दुसरे काही नसे.

*

आजच्या मराठीत काय चालले आहे? तीन नमुने पाहू.

पहिला जाहिरातींचा आणि भाषांतरित मालिकांचा : ‘मी सकाळी चहा पसंत करतो.’ बोलताना हे कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो ‘मला सकाळी चहा लागतो’. दुसरा सूत्रसंचालकांचा : ‘मला आपल्याला सांगायला आवडेल की…’ सांगणाऱ्याला सांगण्याची गोडी लागली आहे असा याचा सरळ अर्थ. त्याला म्हणायचे असते ‘सांगावेसे वाटते’, किंवा नुसतेच ‘सांगतो’. ‘चहा आवडेल?’ हा त्याचाच चुलतभाऊ. आमच्या गावात ‘चहा ठिवू का?’ असे विचारतात. त्यात पाहुण्याच्या आवडीची चौकशी नाही. आपण उठून चुलीकडे जायला तयार आहोत एवढेच आहे. आवड विचारली की नकार देणे जड जाते.

तिसरा नमुना मोबाइलवरचा आहे आणि त्याने माझा अंदाज चुकवला. ‘मी फोटो लाइक केला’ हे ऐकून मला वाटले होते की ‘आवडणे’ आता गेले. पण वर केलेल्या चाचण्या लावून पाहा. ‘लाइक करा’ अशी आज्ञा देता येते आणि दिवसातून शंभरदा दिली जाते. ‘मुद्दाम लाइक केले’ म्हणता येते. ‘लाइक करायला विसरलो’ही चालते. एवढेच काय, ‘लाइक केले, पण आवडले नाही’ हे वाक्य कोणालाही खटकत नाही. निधनाच्या बातमीलाही माणसे लाइक करतात. मराठीने हा शब्द घेतला तो ‘करणे’ जोडून, कृती म्हणून, निवडण्याच्या खात्यात. ‘आवडणे’ जिथे होते तिथेच राहिले. सामान्य बोलणाऱ्याला दोन घटनांमधले अंतर अजून नेमके ठाऊक आहे. ते बुजवणारे आम्ही आहोत : भाषांतर करणारे, अर्ज छापणारे आणि दुभाषे.

*

आता परत सास्तूरकडे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. ६.२ क्षमतेचा धक्का. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते आणि किल्लारीबरोबर सर्वाधिक मार बसलेल्या गावांत होते. मारले ते घरांनी. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे अंगावर आले. माझे काका त्यात गेले.

त्यानंतर लोकांना दगड नको झाला. ‘दगुड नगं’ हे वाक्य मी त्या वर्षी जितके ऐकले तितके दुसरे कोणतेच ऐकले नसेल. माणसांनी सिमेंटची घरे मागितली, काहींनी जुनी जागाच नको म्हटले. कागदांवर याला पसंती म्हणतात. व्याकरण पाहा : ‘आमाला भ्या वाटतंय’, ‘आमाला दगुड नगं’. सगळा ‘ला’चा कारभार. भीती आमच्याकडे आली होती. तिच्यातून जे निघाले ते खरे होते, पण सूप समोर घेऊन केलेली ती निवड नव्हती. हलका छप्पर असलेले, बांधून काढलेल्या कोपऱ्यांचे दगडी घरही टिकू शकते, हे कळून घ्यायला लागणारा वेळ आणि धीर तेव्हा कोणाजवळ होता?

जागतिक बँकेच्या कर्जाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, सास्तूर त्यांत होते. घरे जमिनीच्या मालकीप्रमाणे तीन मापांची : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. रुंद सरळ रस्ते, काटकोनात ओळी. जुन्या गावात बोळ होते, ढेळज होती, एका दारातून दुसऱ्या दारात आवाज जात होता. नव्यात घर आणि घर यांच्यामध्ये जागा आली.

या काळात एक क्रियापद बदलले आणि ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही. जुन्या गावात माणसे विचारत, ‘घर कवा बांधलं?’ नव्यात विचारू लागली, ‘घर कवा मिळालं?’ बांधले ते काकांनी, ‘ने-नी’च्या विभक्तीत. मिळाले ते काकूला, ‘ला’च्या विभक्तीत. मग त्याच ‘ला’वर पुढचा प्रश्न आला : तिला आवडले का? पाणिनीच्या देवदत्तासारखी ती दोन्हीकडे संप्रदान झाली, देण्यातही आणि रुचण्यातही. मधली जागा रिकामीच राहिली. ‘तिने निवडले’ हे वाक्य तिच्या घराबाबत कधी तयारच झाले नाही.

ते तयार होऊ शकत होते, याचा पुरावा याच कार्यक्रमात आहे. ज्या गावांना कमी मार बसला होता तिथे स्थलांतर न करता घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. पैसा घरधन्याच्या हाती हप्त्यांनी येई आणि काय, कसे, कोणाकडून करायचे हे तो ठरवी. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. घर आणि कचेरी यांच्यामध्ये बोलण्याचे काम त्यांनी केले. त्या घरांबद्दल बोलताना माणसे आजही ‘आमी केलं’ म्हणतात. त्यांच्या सगळ्या भिंती सरळ आहेत असे नाही. पण त्यांची तक्रारही ‘आमी चुकलो’ अशी येते, ‘आमाला दिलं तसलं’ अशी नाही.

कोणी म्हणेल, पूर्ण जमीनदोस्त गावात एवढा वेळ कुठून आणायचा? माणसे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, पाऊस येत होता. हा आक्षेप मी खोडणार नाही. काकूही खोडणार नाही. भिंत मजबूत आहे आणि रात्रीची भीती वाटत नाही, हे तिने आधी सांगितले होते, आणि ते मनापासून सांगितले होते. माझी तक्रार घराबद्दल नाही. निवड करून घेणे शक्य नव्हते, तर तसे लिहायला हवे होते. ‘पसंत’ लिहायला नको होते.

*

आता त्या दिवशीचे उत्तर पुन्हा भाषांतरित करून पाहतो. ‘घर चांगलं हाय की.’ हा तिचा निवाडा आहे. त्यात ती स्वतः कुठेच नाही, घराची पारख आहे. आणि तो ‘की’ : म्हणजे त्यात वाद नाही, पण विचारणाऱ्याला त्यापुढचे ऐकायचे असेल तर ऐकावे. ‘रातीचं भ्या वाटत न्हाई’ हे तिच्यावरचे ओझे उतरल्याचे वाक्य आहे. ‘करमंना बग मला हितं’ हे तिसरे.

करमणे या क्रियापदाला घरही कर्ता लागत नाही. ‘मला घर करमत नाही’ असे कोणी म्हणत नाही. एक माणूस असते, एक ‘इथे’ असते, आणि दोन्हींमध्ये वेळ जात नसतो. बाकी काही नसते. त्याच घरातला शब्द करमणूक, पण करमणुकीचा त्याच्याशी आता फार थोडा संबंध उरला आहे. ‘आवडले का?’ या प्रश्नाला घराबद्दलचे उत्तर हवे होते. काकूने घराबद्दलचे उत्तर दिले, मग प्रश्नात नसलेले उत्तर दिले. इंग्रजीत एका क्रियापदात ते मावत नाही, पण दोन-तीन वाक्यांत नक्की मावते : घर चांगले आहे, भिंती पक्क्या आहेत, रात्री झोप लागते, आणि इथे तिचा दिवस जात नाही. एवढे इंग्रजी मला तेव्हाही येत होते.

काकू पुढे बरीच वर्षे त्या घरात राहिली. नंतर तिने पुढच्या बाजूला पत्रा टाकून ओसरी काढून घेतली, बाजूला लिंब लावला, आणि संध्याकाळी तिथे बसू लागली. ओसरी कशी झाली म्हणून मी एकदा विचारले. ‘आवडली का’ असे मात्र विचारले नाही. म्हणाली, ‘मी सांगून करून घेतलीया.’